नाशिक ते नगर : एका दिवसाचा जमाखर्च

व्यापाऱ्याचा दिवस सूर्यास्ताने संपत नाही. तो वहीचा मेळ बसल्यावर संपतो. गेल्या जूनमधील एक दिवस असा गेला की त्याचा मेळ मला दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत बसवता आला नाही. तो दिवस मी नाशिक ते नगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, या सुमारे १६० किलोमीटरांच्या रस्त्यावर सायकलवर घालवला. त्याची हकीकत लिहावी असे घरच्यांनी सुचवले. मी कबूल झालो, परंतु जे घडले ते सारे लिहीन, या अटीवर.

नाशिक शहराला सायकलचे वेड आहे, हे आता सर्वांना ठाऊक झाले आहे. येथील डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४८०० किलोमीटरांची शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या मुदतीच्या आत पूर्ण केली. २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पार केली आणि तसे करणारे ते पहिले भारतीय ठरले. दर वर्षी जूनच्या सुमारास नाशिक सायकलिस्ट फाउंडेशनची पंढरपूर सायकल वारी निघते, तेव्हा पहाटेच्या अंधारात शेकडो सायकलींचे लाल दिवे रस्त्यावरून सरकताना दिसतात. आमचा गट मात्र त्या वारीतला नव्हता. आम्ही बावीस जण, शेजारी, नातलग आणि बाजारपेठेतील मित्र, आपल्या आपण पंढरपूरच्या रस्त्याने निघालो होतो. सोबत सामानासाठी एक टेम्पो होता. पहिला मुक्काम नगरला.

माझे वय त्रेपन्न. तीस वर्षे कापडाच्या दुकानात गादीवर बसून काढलेली. वर्षभर रोज सकाळी गंगापूर रस्त्याने वीस-पंचवीस किलोमीटर सायकल चालवत होतो, त्यामुळे मनात एक आत्मविश्वास होता. त्याला आत्मविश्वास म्हणावे की गर्व, हे त्या दिवशी सायंकाळी कळले. माझ्या या उद्योगात सर्वाधिक रस होता तो बाबूजींना. माझे वडील आज चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. तरुणपणी सायकलच्या मागे कापडाचे गाठोडे बांधून ते आसपासच्या आठवडी बाजारांना जात. त्या सायकलवर आमचे दुकान उभे राहिले, असे आमच्या घरी नेहमी म्हटले जाते. निघण्याच्या आदल्या रात्री त्यांनी माझ्या सायकलच्या चाकांतील हवा बोटांनी दाबून पाहिली आणि एवढेच म्हणाले, “पोहोचल्यावर फोन कर. किती झाले ते सांग.”

पहाटे पावणेपाचला द्वारका चौकातून आम्ही निघालो. नाशिकरोड मागे पडले, चेहेडीजवळ दारणेचा पूल ओलांडला आणि पळसे, शिंदे ही गावे अर्धवट झोपेत असतानाच मागे गेली. मृग नक्षत्र लागून गेले होते, तरी पाऊस आला नव्हता. हवा मात्र त्या वेळी गार होती. मोहदरीच्या घाटात पहिली चढण लागली. गटाचा नियम असा ठरला होता की पहिले तीस किलोमीटर सर्वांनी एकत्र, संथ चालवायचे. मी तो मोडला. पाय मोकळे झाले होते, पुढे दोन तरुण जात होते, त्यांच्या मागचा लाल दिवा मला खुणावत होता. घाटात मी एकेकाला मागे टाकीत गेलो. आमच्यात एकसष्ट वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांना सारे मावशी म्हणतात. त्यांच्या बाजूने जाताना त्या मला म्हणाल्या, “भाऊ, दिवस मोठा आहे.” मी हसून हात केला आणि पुढे गेलो.

सिन्नरला पोहोचलो तेव्हा साडेसहा वाजत होते. सिन्नर हे यादवांच्या आरंभीच्या राजधानीचे गाव. गोंदेश्वराचे काळ्या पाषाणातील पंचायतन मंदिर याच गावात उभे आहे. मुख्य मंदिर मध्ये आणि चार लहान मंदिरे चार कोपऱ्यांत, अशी त्याची मांडणी. कोणी सायकलने निघालेच तर तेथे अर्धा तास अवश्य थांबावे. आम्ही रस्त्याच्या कडेला थांबलो ते वेगळ्या कारणाने. आमच्यापैकी सात जणांची नवकारसी होती. सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे झाल्यावर उकळलेल्या पाण्याचा पहिला घोट घेतला, खाकरे आणि सुका मेवा खाल्ला. पुढे जे झाले त्याचा दोष कोणी या नियमाला देऊ नये म्हणून येथेच सांगतो, की मावशींचीही नवकारसी होती.

सिन्नरपासून पुणे रस्त्याने वीसेक किलोमीटरवर नांदूर शिंगोटे. तेथे न्याहारी. हॉटेलवाल्याला आम्ही कांदा-बटाट्याशिवाय पोहे करायला सांगितले, तेव्हा तो क्षणभर पाहतच राहिला. “शेठ, कांद्याच्या जिल्ह्यात येऊन कांद्याशिवाय पोहे?” आमच्यातील एकाचा लासलगावच्या बाजाराशी पिढीजात संबंध, तो म्हणाला, “आम्ही तो विकतो, खात नाही.” हॉटेलवाला मोठ्याने हसला आणि वर शेंगदाणे अधिक घालून त्याने पोहे दिले. सायकलच्या प्रवासात अशी माणसे भेटतात. मोटारीतून जाणाऱ्याला हॉटेल दिसते, हॉटेलवाला दिसत नाही.

नांदूर शिंगोट्याहून पुणे रस्ता सोडून आम्ही कोल्हारकडे जाणाऱ्या रस्त्याला लागलो. आता ऊन चढले होते. तळेगाव दिघे परिसरातील हा पट्टा पर्जन्यछायेचा. बाभळी, मोकळी माळराने, पेरणीसाठी नांगरून ठेवलेली आणि आभाळाकडे पाहत पडलेली शेते. निळवंडे धरणाच्या पाण्याची या भागाने कित्येक दशके वाट पाहिली. २०२३ च्या मे अखेरीस डाव्या कालव्यातून चाचणीसाठी प्रथम पाणी सोडले, तेव्हा लोकांनी त्याचे पूजन केले होते. मोटारीने जाताना हा पट्टा पाऊण तासात संपतो. सायकलवर तो अडीच तास चालतो, आणि त्या अडीच तासांत सावलीचे मोल समजते. एका बाभळीखाली एक मेंढपाळ बसला होता. मी पाणी पिण्यासाठी थांबलो तेव्हा त्याने विचारले, “कुठवर?” मी सांगितले, “पंढरपूर.” त्याने कपाळाला हात लावून नमस्कार केला. तो नमस्कार माझ्यासाठी नव्हता, पंढरपूरसाठी होता. तरी त्या उन्हात मला त्याने बळ आले.

एव्हाना मी गटाच्या मध्यात आलो होतो. कोणी मागे टाकल्याचे आठवत नव्हते. आपोआप मागे पडत गेलो होतो.

मग लोणी आले आणि दृश्य एकदम पालटले. दोन्ही बाजूंना ऊस, पाटाचे पाणी, ओल्या मातीचा वास. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी हा मुलूख हिरवा केला. परंतु नुसत्या पाण्याने समृद्धी येत नाही. ऊस होता, पण शेतकरी कर्जात बुडालेला होता. विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवले, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी त्यांना साथ दिली, आणि लोणीजवळ प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास उभा राहिला. सहकारी तत्त्वावरील या प्रकारचा तो आशियातील पहिला कारखाना मानला जातो. एकेकट्याच्या ताकदीबाहेरचे काम अनेकांनी मिळून करावे, हा विचार त्या मातीत रुजला. दुपारी जेवताना आम्ही याविषयी पुष्कळ बोललो. बोलणारा मीच होतो. सकाळी आपण स्वतः गटाला सोडून पुढे गेलो होतो, हे त्या वेळी माझ्या ध्यानातही आले नाही.

दुपारचे तीन वाजेपर्यंत विश्रांती घेतली. उठताना मांड्या लाकडासारख्या झाल्या होत्या. कोल्हारला प्रवरेचा पूल ओलांडून आम्ही मनमाड–नगर महामार्गाला लागलो, आणि दिवसाचा खरा कठीण भाग तेथे सुरू झाला. अवजड मालमोटारींची अखंड रांग, त्यांच्या मागे उडणारी धूळ आणि डांबरातून वर येणारी धग. मालमोटार जवळून गेली की हवेचा झोत आधी सायकल बाजूला ढकलतो आणि मग आत ओढतो. हँडल घट्ट धरून मनगटे दुखू लागतात. राहुरी फॅक्टरी, मग राहुरी. तेथून रस्ता दक्षिणेकडे जातो आणि जूनचा नैर्ऋत्य वारा उजव्या खांद्यावरून तोंडावर येतो.

येथे भूगोलाचा एक हिशेब सांगायला हवा. सिन्नरच्या पठारावरून प्रवरेच्या खोऱ्यात उतरताना रस्ता तुम्हाला हळूहळू खाली नेतो. ती उतरण इतकी सौम्य असते की आपणच वेगाने चालवत आहोत असे वाटते. पण नगर हे राहुरीपेक्षा शंभर मीटरांहून अधिक उंचावर आहे. म्हणजे सकाळी फुकट मिळालेले सारे उधारीवर मिळालेले असते, आणि त्याची वसुली सायंकाळी, पाय थकलेले असताना, समोरच्या वाऱ्यासह होते. ज्याने सकाळी भांडवल राखले, तो हे देणे फेडतो. मी ते मोहदरीच्या घाटातच उधळले होते.

महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे प्रवेशद्वार मागे पडले तेव्हा साडेपाच होत आले होते. मावशी माझ्या बाजूने आल्या. सकाळपासून त्यांचा वेग बदललेला नव्हता. पायांची तीच लय, दर वीस मिनिटांनी लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्याचा एक घोट. “माझ्या मागे राहा, वारा कमी लागेल,” त्या म्हणाल्या. मी म्हणालो, “तुम्ही व्हा पुढे, मी येतोच.” स्त्रीच्या, आणि तीही वयाने मोठ्या, पाठीमागे वाऱ्याचा आडोसा घेऊन जाणे मला कमीपणाचे वाटले. त्या गेल्या. पुढच्या दोन किलोमीटरांत माझ्या डाव्या मांडीत आणि मग उजव्या पोटरीत असे काही पेटके आले की सायकलवरून उतरता येईना. एका दगडाला पाय टेकवून मी कसाबसा आडवा झालो.

पाच-सात मिनिटांनी आमचा टेम्पो आला. चालकाने काही विचारले नाही. सायकल उचलून मागे ठेवली, मला हाताला धरून पुढे बसवले आणि पाण्याची बाटली दिली. सूर्यास्ताला तासाभराचाच अवकाश होता आणि चौविहार सांभाळायचा होता, म्हणून डब्यातले ठेपले मी तेथेच खाल्ले. वाटेत देहऱ्याच्या अलीकडे आम्ही मावशींना ओलांडले. त्यांनी मान वळवून पाहिले. आमची नजरानजर झाली. मी खिडकीतून दुसरीकडे पाहू लागलो.

विळद घाटाच्या पायथ्याशी पेटके ओसरले होते. मी चालकाला थांबायला सांगितले. “इथून जातो मी सायकलने.” त्याने माझ्याकडे पाहिले, सायकल उतरवून दिली. टेम्पोतून सोळा किलोमीटर झाले होते. घाट तसा लहान आहे. काही अंतर चालवत, काही अंतर ढकलत मी तो चढलो, एमआयडीसीच्या बाजूने पुढे आलो आणि सात वाजता सावेडीच्या रस्त्यावर आमच्या मुक्कामाच्या भवनाशी सायकलवर बसून दाखल झालो. दारात गटातील तरुण मुले टाळ्या वाजवत उभी होती. यादी धरून उभ्या असलेल्या मुलाने माझ्या नावापुढे लिहिले : १६०, पूर्ण.

मी काही बोललो नाही.

दहा मिनिटांनी घरी फोन केला. बाबूजींनीच उचलला. “किती झाले?” “एकशे साठ,” मी म्हणालो. “सगळे?” “सगळे.” पलीकडे क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, “बरं. झोप आता.”

झोप आली नाही. अंग शिणले होते. सारे भवन घोरत होते. नगर हे आपल्या समाजाला परके गाव नाही. आचार्य आनंदऋषीजी महाराजांचे येथेच १९९२ साली देवलोकगमन झाले. त्यांच्या दर्शनाला लहानपणी बाबूजींनीच मला आणले होते. त्या वेळी परतताना बसमध्ये वाहकाने चुकून जास्त सुटे पैसे दिले होते. बाबूजी तिकिटाच्या पाठीवर हिशेब करून ते परत करायला बसच्या पुढच्या टोकापर्यंत गेले होते. किती पैसे होते ते आठवत नाही, गर्दीतून वाट काढणारी त्यांची पाठ आठवते. सोळा किलोमीटर ही काही मोठी गोष्ट नव्हती. पेटके आलेल्या माणसाने वाहनात बसणे यात लाज कसली? परंतु न केलेल्या कामाची रक्कम मी जमेला धरली होती, आणि तीही ज्यांनी मला जमाखर्च शिकवला त्यांच्यासमोर. टेम्पोत बसण्याइतका मी थकलो होतो हे खरे. पण घाटाच्या पायथ्याशी उतरलो तो थकवा गेला म्हणून की लोकांनी मला सायकलवर येताना पाहावे म्हणून, या प्रश्नाचे उत्तर मला त्या रात्री सापडले, आणि ते आवडले नाही.

पहाटे चारला उठलो. यादीवाला मुलगा सायकलींची हवा तपासत होता. त्याच्याकडून पेन घेतले आणि माझ्या नावापुढील १६० खोडून १४४ लिहिले. तो म्हणाला, “काका, राहू द्या ना. कोण विचारतंय?” मी म्हणालो, “आजचा हिशेब बरोबर सुरू करायचा आहे.” त्याला ते फारसे कळले असेल असे वाटत नाही; पण त्याने यादी घडी करून खिशात ठेवली.

मग बाबूजींना फोन केला. ते त्या वेळी जागेच असतात. सारे सांगितले. विद्यापीठाचे दार, पेटके, टेम्पो, घाट. ते ऐकत राहिले. मला वाटले, आता काही कठोर शब्द येतील. ते म्हणाले, “रात्री तुझ्या आवाजावरून वाटलंच होतं.” मग जरा थांबून हसले. “वारा समोरून असला की मीही कितीदा सायकल एसटीच्या टपावर टाकून आलो आहे. तुझ्या आजीला मात्र सायकलनेच आलो म्हणून सांगायचो. तिला सांगायचं राहूनच गेलं.”

आजीला जाऊन आता तीस वर्षे झाली. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस आपल्या आईला न सांगितलेली गोष्ट इतकी वर्षे मनात बाळगून होता. मला काय बोलावे कळेना. तेच पुढे म्हणाले, “तू सांगितलंस, बरं केलंस. आता पाणी पी आणि नीघ.”

ज्यांना असा प्रवास करावासा वाटतो, त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी लिहून ठेवतो. रोज वीस किलोमीटर चालवणाऱ्याने एकाएकी १६० चा विचार करू नये. आधी काही महिने साठ, मग शंभर, असे वाढवत जावे. तहान लागण्याची वाट पाहू नये. थोड्या थोड्या वेळाने मीठ-साखरेचे पाणी घ्यावे, कारण घामाबरोबर मीठ जाते आणि नुसत्या पाण्याने ते भरून येत नाही. नवकारसी किंवा चौविहार असेल तर त्याप्रमाणे थांबे आदल्या दिवशीच ठरवावेत आणि डबा सामानाच्या वाहनात न ठेवता स्वतःजवळ ठेवावा. सकाळी पाय मागतील त्याहून कमी द्यावे. आणि पुढचा माणूस “माझ्या मागे राहा” म्हणाला तर राहावे. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची बहुतेक शक्ती वारा कापण्यात जाते. समोर कोणी असेल तर त्यातील बराच भार तो वाहतो. म्हणूनच जाणते सायकलस्वार आळीपाळीने पुढे होतात. यात उपकार नाही, फेड आहे.

पावणेपाचला आम्ही करमाळ्याच्या दिशेने निघालो. अजून अंधार होता. भवनाच्या फाटकाशी मावशी चेनला तेल घालत होत्या. मी त्यांच्याजवळ गेलो आणि म्हणालो, “मावशी, काल सोळा किलोमीटर मी टेम्पोत होतो.” “पाहिलं मी,” त्या म्हणाल्या. त्यांनी लिंबू-मिठाच्या दोन पुड्या माझ्या हातात ठेवल्या आणि सायकलवर बसल्या. “आज माझ्या मागे राहा.”

मी राहिलो. मिरजगावपर्यंत त्यांच्या मागच्या चाकापासून दोन हातांवर, त्यांच्याच लयीत पाय मारत. मग वारा वाढला, आणि त्या जराशा बाजूला झाल्या. मी पुढे झालो, म्हणजे त्यांना आडोसा मिळावा.